काळी दोन

नंदानगरात आमच्या गल्लीतले दोन तंबोरे
मिलच्या भोंग्याला जुळवत.
काळी दोन, वडील म्हणायचे,
किंचित उतरलेली, पण रोजची.
ते सुतखात्यात कारकून
आणि रविवारी सकाळी चार पोरांना सारेगम.
पाचवा मी.
मला म्हणाले, तू तबल्याची हातोडी आण,
पाणी आण,
आणि शक्यतो तोंड मिटून बस.

मग एका मंगळवारी भोंगा वाजला
आणि बुधवारी नाही.
वडिलांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली,
खुंट्या सैल सोडल्या.
कशाला जुळवायचा, विचारलं कोणी तर
सर्दी झालीय म्हणत.

डेन्झिल महूहून बसने कॉलेजला यायचा.
त्याचा काका छावणीच्या टीममध्ये फुलबॅक होता,
गुडघा गेला तरी बुटांना तेल लावणारा.
त्या काकाच्या ट्रंकेतून आली कॅसेट,
मँचेस्टरच्या चार पोरांची.
कव्हरवर एकाच्या अंगात आकाशी जर्सी,
बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.
"भिया, गाणं आवडलं तर टीमपण हीच घ्यावी लागते,"
लग्नाची अट सांगावी तसं डेन्झिल म्हणाला.
"आधीच सांगतो, हरते."

घेतली.
बनियन आईच्या निळीच्या बादलीत तीनदा बुडवला,
आकाशी झाला, एका काखेत जरा जास्तच.
आजोबांनी ज्या गावचं कापड चौकात जाळलं
त्याच गावासाठी मी आता
सोमवारच्या पेपरात, शेअरच्या भावांखाली,
एक ओळ शोधायचो.
शून्य-दोन.
एक-तीन.
पुन्हा शून्य.
आणि पेन्सिलीने कॅसेट मागे फिरवायचो.

गाणारा नाकात गायचा, निम्मे शब्द कळत नसत.
एवढं कळायचं
की तिथेही धुराडी थंड,
तिथेही बाप दिवसा घरात,
आणि शनिवारी दुपारी सगळ्यांनी मिळून
जाण्याची एक जागा.
डिक्शनरीत पाहावं असं त्यात
फार काही नव्हतं.

(आता ती टीम जिंकते. सारखी जिंकते.
डेन्झिल पर्थहून फोन करतो, म्हणतो,
यार, आपली ती हरणारी कुठे मिळेल?)

तर ती रात्र.
दीड वाजलेला, शेजारच्या केबलची चोरून ओढलेली तार,
आवाज अगदी बारीक.
आम्ही दोन गोलने मागे, पाच मिनिटं उरलेली.
लोक उठून जायला हवे होते,
पण अख्खं स्टेडियम गाऊ लागलं, कॅसेटमधलं ते गाणं.
कॅमेरा एकेकावर जात होता:
टकला, दात पडलेला,
बापाच्या खांद्यावर पेंगणारी पोरगी,
एक बाई, जिला वडिलांनी
पहिल्याच रविवारी घरी पाठवली असती.
एकेकटा प्रत्येक जण बेसूर.

वडील पाण्याला उठले होते.
तांब्या हातात, दारात उभे.
मी टीव्ही बंद करायला हात पुढे केला.
थांब, म्हणाले. मोठा कर जरा.
मग कोपऱ्यातून तंबोरा काढला,
गवसणी जमिनीवर तशीच टाकली
(ते असं कधीच करत नसत),
मांडी घातली, कान भोपळ्याशी नेला
आणि एका हाताने खुंटी पिळत
तार त्या चाळीस हजारांना जुळवली.
मणी सरकवला. अजून थोडा.

"काळी दोन," म्हणाले.
"किंचित उतरलेली."

"यांना सूर दिला कोणी?"
कोणीच नाही.
"असं कसं."
शिट्टी झाली. हरलो.
ते गात राहिले, तंबोरा वाजत राहिला,
आणि केव्हापासून कोण जाणे
मीही गात होतो, मोठ्याने, नाकात.

वडिलांनी तोंड मिट म्हटलं नाही.
उठून
फक्त खिडकी लावून घेतली.