दोन रिकाम्या जागा

तार्तूमध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
नदीकाठच्या वृद्धाश्रमाचं काम माझ्याकडं आलं ते असं:
रात्रपाळीच्या मायमूनं एल्मारची नोंद उघडली,
त्याच घटकेला दवाखान्यातून डॉक्टरनंही.
दोघांनी एकेक रकाना बदलला, दोघांनी जतन केलं,
आणि उशिरा बटण दाबणाऱ्याचंच खरं ठरलं.
नवी गोळी नोंदीतून गेली. पुसली कुणीच नव्हती.

मी दोन आवृत्त्या शेजारी शेजारी मांडल्या,
एकेचाळीस, बेचाळीस,
अक्षर न् अक्षर,
जुनं लाल, नवं हिरवं.

पहिल्या दिवशी सगळाच शिमगा.
३.११.१९३८ आणि १९३८-११-०३:
माणूस एकदाच जन्मला, यंत्राला दोनदा वाटला.
शिकवलं.
मग आडनाव. डोळे फाडफाडून पाहिलं, फरक दिसेना;
अखेर सापडली शेवटच्या अक्षरामागे
एक मोकळी जागा,
स्पेसबारवर कुणाचा तरी अंगठा रेंगाळलेला.
तेही शिकवलं. म्हटलं, असल्याकडं काणाडोळा करत जा.

काणाडोळ्याची चटक लागते.
रिकामं ते रिकामं, म्हणून
सगळी रिकामी घरं मी एकाच पारड्यात टाकली.
पडदा शांत झाला. कुठंच रंग नाही.
मी कॉफी करायला उठले.

मायमूचा फोन.
ती ओरडत नाही, हळू बोलते, तेच वाईट.
"जवळचे नातलग, हा रकाना बघ.
एकेचाळीसमध्ये त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
बेचाळीसमध्ये मी विचारलं,
खुर्ची ओढून, त्याचा चहा निवेपर्यंत.
भाऊ, म्हणाला. बायको. लीया.
एकेक बोट मिटत गेला.
मग म्हणाला, राहू दे, मोकळंच ठेव.
मी एक अक्षर टाइप केलं होतं, ते खोडलं,
जतन केलं.
तुझं यंत्र म्हणतं, काही बदललं नाही."

मला बोलता येईना.
लीया कोण, तेही विचारलं नाही.

ती एक ओळ मी काढून टाकली. सात अक्षरांची होती.
आता बेचाळीसपाशी
लाल बाजूला काही नाही,
हिरव्या बाजूला काही नाही,
आणि मधे केसाएवढी रेघ:
बदल, रात्री दोन वाजून दहा मिनिटं, मायमू.

नव्यानं लागलेला टानेल परवा विचारत होता,
हा बग आहे का, काढू का?
मी त्याला मायमूचा नंबर दिला.