पासंग

सियागंजात आमचं दुकान मशिदीच्या भिंतीला भिंत लावून.
'तागड्या, मापं, वजनं दुरुस्त करून मिळतील',
पाटी वडिलांच्या हातची, मराठीत.
निम्म्या बाजाराला ती वाचता येते, कळत नाही.

दर जुम्म्याला दुपारी एकच्या सुमारास
भिंतीतून मौलवी इरतिजांचा आवाज यायचा,
कबरीतला काळोख, केसाहून बारीक पूल,
आणि मी कानस खाली ठेवायचो. भक्तीने नव्हे हो,
लोखंडाची किरकिर शेजारच्या दुआला बरी दिसत नाही म्हणून.
बयान संपलं की
तेच लोक, तीच दुकानं,
तेच अंगठे पारड्याच्या कडेला.

एका गुरुवारी, शटर अर्धं खाली असताना,
मौलवी वाकून आत आले. चहा नको म्हणाले.
विचारलं, मापात पाप करतात म्हणजे नेमकं कसं करतात?

मला हसू आलं. जन्मभर पापावर बोललेला माणूस
आणि त्याला कृतीच ठाऊक नाही.
मग सांगत गेलो. काट्याखाली चुंबक.
पारड्याच्या बुडाला गुळाचा खडा, पासंग म्हणून.
ओला कागद. जाड पुडा. फुंकर.
गिऱ्हाइकाला तिच्या पोरीच्या लग्नाचं विचारणं
आणि तेवढ्यात दांडी धरणं.
ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेत होते, उजवीकडून डावीकडे.
अकरावा प्रकार सांगताना माझा आवाज बसला.
पाच किलोच्या वजनाला खालून भोक असतं, त्यात शिसं.
ते थोडं कोरायचं, वरून बुजवायचं, छाप तशीच ठेवायची.
त्यांनी मान वर केली.
हे करून देतं कोण, असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोजख नव्हता, पूलही नव्हता.
एक आयत म्हटली आणि पत्रिका काढून वाचू लागले,
चुंबक, गूळ, कागद,
भाव सांगावा तशा साध्या आवाजात.
पलीकडे कुणीतरी खाकरलं, मग तेही नाही.
म्हणाले, नमाज चुकली तर तुम्ही आणि अल्लाह बघून घ्या.
पण चाळीस ग्रॅम जिरं त्या बाईचं होतं.
ते तिलाच माफ करता येईल.
मी बोटांवर मोजत होतो.
दहावर थांबले.

संध्याकाळी रांग लागली नाही, खोटं कशाला सांगू.
समोरच्याने चुंबक काढलं, सोमवारी परत लावलं,
मला काट्याच्या आवाजावरून कळतं.
आला तो एकटा सगीर मेवावाला,
पाच किलोचं वजन फडक्यात गुंडाळून,
मेलेलं कबूतर आणावं तसं.
अब्बांच्या वेळचं आहे, म्हणाला, बघा जरा.

पालथं केलं. चाळीस कमी.
शिसं वितळेपर्यंत तो बोलत होता,
तीस वर्षांचा हिशेब कसा लावतात,
आठवतात त्यांच्या घरी जाईन, न आठवणाऱ्यांचं काय.
मी म्हटलं, मौलवींना विचार.
विचारलं, म्हणाला. आठवणाऱ्यांपासून सुरू कर म्हणाले.

मी पैसे घेतले नाहीत.
त्याला तो चांगुलपणा वाटला,
जाताना मूठभर काळे मनुके ठेवून गेला, न तोलता.

जुन्या शिशाचा तुकडा अजून गल्ल्यात आहे.
त्यावर कोरणी तिरकी फिरलीय, डाव्या हाताची.
आमच्या घरात डावखुरा
मी एकटाच.