कडू पाणी

शिरोड्याच्या मिठागरात, मे महिन्यातल्या दुपारी
शाणू आरोंदेकर फावडं टेकून सांगतो,
"मीठ काढल्यार उरता ता कडू. ता खाडयेक सोडूचा."
मी बाटली पुढे करते. तो हसतो.
पुण्याहून आलेल्या बाईला मीठ नको, कडू पाणी हवंय.

त्या कडवटपणात मॅग्नेशियम असतं, शाणूभाऊ.
माझ्याकडे एक ओळ आहे, बारा अक्षरांची,
तिची नक्कल उतरवायची आहे
आणि उतरवणारं कोणी नाही.
हात नाही, विकर नाही.
सुटी अक्षरं पाण्यात, इतकंच.
ती ओळीच्या कडेला येतात, चाचपतात,
एखादं टेकतं.

सहा आठवड्यांत सात टेकली.
आठव्या जागी जी समोर यू येऊन बसला,
सी ची जागा होती ती.
नववं आलंच नाही.
मी वहीत लाल पेनाने गोल केला.

आणि जेव्हा जुळते तेव्हा अशी चिकटते
की मूळ ओळीला सोडत नाही.
गणपतीच्या शाळेत साचा सोडवायला
दाजी मेस्त्रींची बोटं असतात,
इथे फक्त दुपार.
तापलं की दोघी सुटतात,
निवलं की पुन्हा एकमेकींनाच धरतात,
तिसऱ्याला फटीतूनही शिरू देत नाहीत.
त्यात हे मॅग्नेशियम: गारव्यात जोडतं,
उन्हात तेच ओळीचे तुकडे करतं.

यातलं थोडंच मी शाणूला सांगितलं,
जे लागतं तेच नासवतं, एवढंच.
"मगे लिंबू पिळा," तो म्हणाला.
मी दचकले. लिंबाचं आम्ल
मॅग्नेशियमला आवरून धरतं,
फडताळात माझी बरणी आहे त्याची, लेबल लावलेली.
पण त्याच्या डोळ्यांपुढे तारल्यांचं सार होतं,
पुढचं सगळं बोलणं तारल्यांचंच झालं.

संध्याकाळी त्याने फळी उचलली.
खाडीचं पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत गेलं,
काठावर पांढरी रेघ उरली, मध्येच तुटलेली.

असंच कुठेतरी, कधीतरी,
चुकलेलं आठवं अक्षर पाण्यात राहिलं असेल
आणि त्याच्याभोवती गोल करायला
कोणी नव्हतं.

बाटलीचं बूच मी घट्ट लावलं.
"उद्या येवा," शाणू म्हणाला,
"आजून कडू आसतला."