आकडे

आळियारच्या धरणापाशी पहिली पाटी: १/४०.
कंडक्टर आरोक्यसामीने तिकिटासोबत
ज्याला त्याला अर्धं लिंबू दिलं, पैसे न घेता.
लिंबू नाकाशी धरून नवरा म्हणाला,
वळणं मी मोजतो, तू झाडं बघ.

कोंडै ऊसी, म्हणाली शेजारची बाई
आणि स्वतःच्या अंबाड्यातून
एक आकडा उपसून हवेत वळवला.
तेवढ्यात बसही वळली.
आमच्याकडे आकडा म्हणजे हे, आणि पाटीवरचं तेही,
मी सांगू पाहिलं. भाषा पुरली नाही.
तिने हसून आकडा परत खोचला.

नवव्या वळणावर नवऱ्याचं सगळं मोजणं
खिडकीतून बाहेर सांडलं.
बस थांबली. कठड्यावर एक डोंगरी बोकड
जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखा
आमच्याकडे न बघता चघळत उभा.

वर पोचलो तर वालपारै नव्हतंच.
लॉजवाल्याने गच्चीवरून हात फिरवला:
तिकडे शोलैयार, तिकडे मळे,
तिकडे, नशिबात असेल तर, धबधबा.
आम्ही तिन्ही दिशांना मान डोलावली.
नवऱ्याने पांढऱ्याचे अकरा फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी वजनाच्या छपराखाली
ती बसमधली बाई दिसली. पेच्चियम्माळ.
गुडघ्यापर्यंत गोणपाट, डोक्यावर प्लास्टिकची खोळ,
कमरेला मीठ-तंबाखूची पुरचुंडी, जळवांसाठी.
तिच्यामागे रांगेत सुखमनी टोप्पो, झारखंडची,
जिचं हिंदी मला कळलं आणि माझं तिला,
इतक्या दक्षिणेत, दोन्हीकडून अर्धं अर्धं.
इथल्या पोरी तिरुप्पूरला गेल्या, ती म्हणाली,
बनियन शिवायला. त्यांच्या खोल्यांत आम्ही राहतो.
भिंतीवर त्यांच्या टिकल्या आहेत अजून,
काढल्या नाहीत.

काटा थरथरला आणि तेहतिसावर टेकला.
कारकुनाने एकतीस लिहिलं.
दोन किलो दवाचे, म्हणाला.
पेच्चियम्माळने टोपली झाडली,
खाली पडलेले चार थेंब बघितले
आणि तमिळमध्ये असं काही बोलली
की रांग हसली, कारकूनही हसला.
वहीतलं एकतीस हललं नाही.
चिठ्ठी तिने आकडा लावून पदराला अडकवली.

संध्याकाळी लायनीत चहाला बोलावलं होतं.
कप विसळून होतात न होतात तोच
सगळ्यांचे फोन एकदम वाजले:
तीन हत्ती, मागच्या ओढ्यापाशी.
खांबावरचा तांबडा दिवा लागला.
कुणी धावलं नाही. सुखमनीने
तांदळाचा डबा चुलीपासून उचलून
खाटेखाली सरकवला, मग मीठ.
गेल्या वर्षी भिंत गेली, म्हणाली, डाळ वाचली.
दिवे मालवून आम्ही बसलो.
बाहेर काहीतरी ओलं, जाड, सावकाश मोडत होतं,
केळीचं खोड असावं.
मध्येच श्वास, इतका मोठा
की आपण आपला आवरून धरावा.
नवरा ओठांत मोजत होता.
मग मोजायचं थांबला.
किती वेळ गेला कोण जाणे. दिवा विझला
आणि पेच्चियम्माळने
गार झालेला चहा पुन्हा चुलीवर चढवला.

उतरताना पाट्या उलट्या: ४०, ३९, ३८.
नव्या लिंबाची फोड नाकाशी,
नवरा डोळे गच्च मिटून.
सव्विसाव्या पाटीपाशी मी सहज मागे पाहिलं
तर अख्खा डोंगर मोकळा,
ओळी ओळी हिरव्या, मधे पांढरी रेघ
(धबधबाच असणार),
पाहुणे गेल्यावर घर सैलावतं, तसा सैलावलेला.
हाक मारायला तोंड उघडलं
तोच त्याने विचारलं, डोळे न उघडता,
किती राहिली?

सव्वीस होती.
चोवीस, मी म्हणाले.