सत्त्याण्णव अंश

मे महिना. उद्यमनगरात आमच्या माडीवर
दुपारी दोनला पंखासुद्धा घामच वाटत फिरतो.
खालच्या गाळ्यात पुतळाकाकींचं कांडप
सकाळी सहापासून धडधडतंय:
ब्याडगी, संकेश्वरी, परत ब्याडगी.
गल्लीभर शिंका.
आणि मांडीला चटके बसले म्हणून पाटावर ठेवलेला
माझा सहा वर्षांचा लॅपटॉप
विमानासारखा घोंगावतो,
उडत मात्र नाही.

व्हॉल्व्हच्या बॉडीचं ड्रॉइंग आहे, उद्या द्यायचंय.
आतली वळणं, भिंतींची जाडी, कोरची बैठक,
सगळं फिरवून फिरवून बघावं लागतं.
पडद्यावरचं लोखंड निळं, गारेगार.
त्याच्या बुडाशी बोट लावलं तर हुळहुळतं.
कोपऱ्यातला आकडा ब्याऐंशी, एक्क्याण्णव,
सत्त्याण्णव.
मग काळोख.
पुतळाकाकींचं मशीन तेवढं चालू.

काय काय केलं नाही!
चार कोपऱ्यांखाली सोड्याच्या बाटल्यांची बुचं.
समोर टेबलफॅन.
खिडकीला ओलं गोणपाट लावलं,
तर खोली उलट आणखी दमटली,
भिंत पाझरली, बोटं बटणांना चिकटायला लागली.
पन्हाळ्याकडं ढग जमायचे, बघून परत जायचे.
एकदा तर, सांगायला लाज वाटते,
फ्रिजमध्ये ठेवला. दुधाच्या पिशवीशेजारी, दहा मिनिटं.
बाहेर काढला तर अंगभर दव.

आण्णा कॉटवरनं बघत होते.
"तापल्यालं एकदम गार करू नगंस. तडकतंय."

अठ्ठावीस वर्षं शिरोलीत ओतकाम केलेला माणूस.
मनगटापासून कोपरापर्यंत केस उगवत नाहीत.
"किती म्हणालीस? सत्त्याण्णव?"
हसताना खोकला लागला.
"आमची लेडल चौदाशेला हलायची, पोरी.
सत्त्याण्णवाला आमी च्या पीत हुतो."

राजारामपुरीत, मुबारक नदाफच्या टेबलावर
अकरा स्क्रू निघाले, झाकण उचललं,
आणि तो लागोपाठ चारदा शिंकला.
पंख्याच्या पात्यांत तांबडी गादी बसलेली,
जाळी तर पार लिंपून गेलेली.
चिमटीत धरून म्हणाला,
"ताई, ह्यात लसूण घाला. भाकरीसंगं चालंल."
ब्रशनं झाडलं, वाळलेली पेस्ट खरवडली,
नवी लावली, मोहरीएवढी.
साडेतीनशे. शिंकांचे वेगळे घेतले नाहीत.
ती भुकटी पुडीत बांधून मी का आणली, कोण जाणे.

आण्णांनी पुडी नाकाशी नेली.
डोळ्यांत पाणी आलं. मिरचीच होती.
"आमची काळी असायची," म्हणाले.
"अजून येती पहाटंची."
आणि पुडी परत घडी घालून दिली,
किराणा मोजून द्यावा तशी.

रात्री काम परत सुरू केलं. आकडा अडुसष्ट.
टेबलफॅन मी आण्णांकडं वळवला,
त्यांनी तो पायानं माझ्याकडं ढकलला.
मग उठून आले, चष्मा नाही, काही नाही,
पडद्याला नाक लावून उभे.
आजवर माझं काम त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं.
मला वाटलं, निळा रंग बघत असतील.
बोट टेकवलं. काचेवर घामाचा ठसा.
"हितं सांध्याला जाड ठेवलीस.
समदी ऊब हितंच बसून ऱ्हाईल.
भाईर पडाय वाट दे की तिला."

ठसा पुसला नाही. त्याच्याखालची रेघ पुसली.
पुन्हा काढायला घेतली, पातळ, जरा वळवून.
आकडा एकाहत्तर. चौऱ्याहत्तर.
आण्णा तसेच उभे, एक हात माझ्या खुर्चीवर,
श्वास घरघरत.
खाली रात्रपाळीला कुणाची तरी संकेश्वरी पडली असावी.
आधी मी शिंकले.
मग ते.