दीर्घ

त्या फॉन्टचं नाव मिरावेल.
चार हजार फोरिंटला घेतला, सवलतीत.
नमुन्याच्या पानावर शँपेनचे दोन पेले
आणि खाली वळणदार अक्षरांत
कुणीतरी कुणाचं तरी, सदैव.
एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या कमरेत हात घालून निघते
आणि शेवटचं अक्षर
हात तसाच पुढे धरून उभं राहतं.

सेगेदच्या बाजारामागे आमचं फितींचं दुकान.
शनिवारी लग्नं, बाकीचे दिवस मयतं.
पांढरी फीत, जांभळी फीत,
सोनेरी शाई तीच, यंत्र तेच.
मालक बेनेडेक म्हणतो, मरणालाही जरा झोक असावा,
फुलं काय, तीन दिवसांत माना टाकतात,
लोक अक्षरं घडी घालून घरी नेतात.

मंगळवारी एतेल नेनी आली.
रबरी बूट, बुटांना नदीचा गाळ.
कागदावर नवऱ्याचं नाव लिहून आणलेलं,
शाळकरी, सुटं सुटं:
द्योझो.
म्हणजे जिंकणारा.
तिसा नदीवरची तर चालवायचा, चाळीस वर्षं,
या काठाची माणसं, सायकली,
एकदा सर्कशीतला एक आजारी उंट
त्या काठाला.

मी नाव टाइप केलं.
पहिलं अक्षर आलं दोन गिरक्या घेत,
दुसरं त्याला बिलगून,
आणि मग
एक रिकामा चौकोन.
मग झेड, खाली लांब गळ सोडून बसलेला,
आणि पुन्हा रिकामा चौकोन.

आमच्या ओच्या डोक्यावर दोन तिरक्या रेघा लागतात,
मिरावेल करणाऱ्याच्या त्या गावीही नव्हत्या.
दोन टिंबं होती.
ती जर्मनांनाही लागतात, म्हणून होती.
बेनेडेक म्हणाला, दे टिंबं ठोकून,
वाऱ्यावरची फीत कोण वाचतंय.

एतेल नेनी चष्मा पुसून पडद्याशी वाकली.
"टिंबं म्हणजे ऱ्हस्व," म्हणाली.
"रेघा म्हणजे दीर्घ.
मी त्याला जेवायला बोलवायची ते या काठावरून.
तो असायचा पलीकडे.
ऱ्हस्व हाक अर्ध्या नदीत बुडते."

आणि तिनं ती मारून दाखवली.
दुकानात, गल्ल्यासमोर,
तोंडाशी दोन्ही तळवे धरून:
द्योऽऽऽझोऽऽऽ
शेजारची फुलवाली कात्री हातात तशीच दारात आली.
बेनेडेकनं रेडिओ बंद केला.
थोडा वेळ आम्ही सगळेच
पलीकडे बघत होतो.

मग मी नुसता ओ छापला
आणि बारीक ब्रशनं रेघा दिल्या.
दोन, आणि दोन.
माझ्या हाताला मिरावेलचं वळण कुठलं,
तिसरी जाड आली,
चौथी तिला सावरायला जवळ सरकली.
नेनीनं अंगठ्यानं चाचपून पाहिली. ओली होती.
सोनं अंगठ्याला लागलं,
त्याच अंगठ्याला थुंकी लावून तिनं पैसे मोजले.

मिरावेल करणाऱ्याला मी पत्र लिहिलं.
लिस्बनचा कुणी, की लिमाचा.
सहा आठवड्यांनी उत्तर आलं,
क्षमा मागतो, नवी आवृत्ती सोबत,
दोन्ही अक्षरं, लहान नि मोठी, फुकट.
देखणी आहेत, खोटं कशाला बोलू.
रेघा अशा, जणू पाणी ओसरल्यावरही
लवलेलेच राहिलेले लव्हाळे.

पांढऱ्या फितींना तीच वापरतो.

जांभळी आली की
जुनी आवृत्ती उघडतो.
चौकोन येतात, येऊ देतो.
ब्रश भिजवायला ठेवतो.