हशाची जागा

लिहिताना क्लिफर्ड ब्लँचर्ड
हशा येईल तिथे पेन्सिलीने शून्य काढायचा.
लहान शून्य म्हणजे खसखस.
मोठं म्हणजे, थांबा, चहा पिऊन या.

ग्रिम्सबीच्या मासळीगोदामात खतावणी भरताना
हा नाद लागला, असं एनिड सांगे.
(ती खोटंही झकास सांगे.)

मग टीव्हीवर अकरा वर्षं बहिरा घरमालक.
भाडेकरू ओरडे, छत गळतंय!
हा म्हणे, मत कळतंय हो,
पण पटत नाही.

आता कान खरोखरच गेलेत.
मासळीच्या दुकानात ब्रायनी विचारते, सुटे आहेत?
तो म्हणतो, काय?
अख्खी रांग फुटते.
आवाज पोचत नाही त्याच्यापर्यंत,
खांदे हलताना दिसतात फक्त,
आणि जुन्या सवयीने तो थांबतो.
हलायचे थांबले की
पुन्हा, खरंच, काय?

काल त्याची यादी काउंटरवर राहिली.
वाटाणे. काड्यापेटी.
हॅडॉक, दोन.
दोनवर काट मारून, एक.
पुढे फिकट पेन्सिलीने
शून्य.

ब्रायनीने कागद दिव्याखाली धरला.
लहान की मोठं,
तिला काही ठरवता येईना.
रांग खोळंबली होती.